शिमग्यात बुडालेला गणपती

नोकरीत खून, दरोडे, हाणामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. त्यांतली नावं-गावं आता एकमेकांत मिसळतात. पण पेणच्या एका कारखान्यातून नाहीशी झालेली गणपतीची मूर्ती आणि ती नेणारा माणूस मला अजून लख्ख आठवतो. त्या प्रकरणात ना कोणी मेलं, ना कुणाचं डोकं फुटलं. वर्तमानपत्रात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत.

मी तेव्हा पेणला फौजदार होतो. शिमगा नुकताच उरकला होता. शिमग्याचा बंदोबस्त म्हणजे पालख्या, सोंगं, दारू आणि मानपानाची भांडणं. त्यातून सुटून सगळं ठाणं जरा पाय पसरून बसलं होतं. सकाळची हजेरी झाली, ठाणे अंमलदाराने चहा मागवला, तेवढ्यात दोन माणसं घाईघाईने आत आली. एक गणपतीच्या मूर्तींचा कारखानदार, माझ्या ओळखीचा. दुसरा चाळिशीतला, पांढरे बूट घातलेला, हातात स्वतःची पाण्याची बाटली. असा माणूस परदेशातून आलाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

"साहेब, अमेरिकेची मूर्ती चोरीला गेली," कारखानदार म्हणाला आणि खुर्चीत मटकन बसला.

फिर्याद पाहुण्यांनी दिली. हे गृहस्थ मूळचे रोह्याजवळच्या वरसे गावचे. इंजिनिअर होऊन अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात बरीच वर्षं स्थायिक झालेले आणि तिथल्या मराठी मंडळाचे कर्तेधर्ते. सुट्टी काढून आईकडे वरसेला आले होते, पण निम्मा वेळ पेणलाच जात होता. तीन फुटांची मूर्ती मुद्दाम घडवून, रंगवून तयार झाली होती. त्याच दिवशी ती लाकडी खोक्यात भरून बंदरावर जाणार आणि पुढे दीड-दोन महिने जहाजातून प्रवास करणार होती.

"पण गणपतीला अजून किती अवकाश आहे!" मी म्हणालो.

"ही गणेशोत्सवासाठी नाही, साहेब. आमच्या शहराची उन्हाळ्यात मोठी मिरवणूक निघते. त्यात पहिल्यांदा आम्हाला जागा मिळाली आहे."

मग त्यांनी त्यांच्या शहराचं वर्षभराचं सणांचं गाडं माझ्यापुढे मांडलं. हिवाळ्यात चिनी लोकांचं नवं वर्ष, त्यात कापडी ड्रॅगन नाचवतात. मार्चमध्ये आयरिश लोकांचा सण, त्या दिवशी नदीच हिरवी रंगवतात. उन्हाळ्यात तळ्याकाठी गाण्याचे जलसे, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या देशाच्या लोकांची मिरवणूक, आणि थंडी सुरू झाली की घराएवढे फुगे दोऱ्यांनी ओढत नेतात. मी पडलो पोलीस. मला ड्रॅगन आणि फुग्यांपेक्षा बंदोबस्ताची पडली.

"नदी हिरवी करायला परवानगी कोण देतं?"

"महापालिका. प्रत्येक मिरवणुकीला कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो. अमुक वाजता निघायचं, अमुक वाजता रस्ता रिकामा. मागून झाडूवाल्या गाड्या येतात."

"आणि मंडळं ऐकतात?"

"ऐकावंच लागतं. नाहीतर पुढच्या वर्षी जागा नाही."

ठाणे अंमलदाराने हे ऐकून असा सुस्कारा सोडला की मला हसू आवरेना. पाहुणे मात्र हसले नाहीत. त्या जागेसाठी ते कित्येक वर्षं झटत होते. "बाकीचे सगळे आपापलं काही ना काही घेऊन रस्त्यावर येतात, साहेब. आम्ही कडेला उभं राहून टाळ्या वाजवतो. ह्या वर्षी आम्ही रस्त्यात असणार होतो," ते म्हणाले. त्यांची तळमळ खरी होती.

फिर्याद नोंदवून आम्ही पंचनाम्याला गेलो. मालाच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. आदल्या दिवशी कारखानदार आणि पाहुणे कागदपत्रांसाठी सकाळपासून पनवेलला गेले होते. किल्ली मूर्ती खोक्यात भरणाऱ्या कामगाराकडे होती. हा माणूस रोह्याकडच्या नदीकाठच्या एका आदिवासी वाडीवरचा, पन्नाशीचा. पूर्वी शेतांवर मजुरी करायचा, मग कारखान्यात लागला. त्याची बायकोही तिथेच मूर्ती घासायच्या कामाला होती. मूर्ती गेली म्हणून सगळा कारखाना डोक्याला हात लावून बसलेला, आणि हा खाली मान घालून पेंढा निवडत होता.

रिकाम्या खोक्यात भाताचा पेंढा पसरलेला होता. मी तो चाळवला तर त्यात दूर्वांची एक जुडी निघाली, लाल दोऱ्याने बांधलेली, अजून हिरवी. खोक्यामागे एक पितळी निरांजन पडलं होतं, काजळीने काळं झालेलं. दोन्ही जप्त केलं. मनात म्हटलं, चोर आधी पूजा करून मग चोरी करतो की काय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

कामगाराला ठाण्यात आणलं. वाडीवरचा माणूस म्हटलं की पुष्कळांचा निकाल आधीच लागलेला असतो. कारखानदारच म्हणाला, "साहेब, दोन ठेवून द्या, पोपटासारखा बोलेल." मी त्याला बाहेर बसवलं. मार खाऊन माणूस बोलतो, पण आपल्याला हवं ते बोलतो, खरं असेलच असं नाही. मी कामगारापुढे चहा ठेवला. तो त्याने घेतला, कप उलटा करून ठेवला आणि गप्प बसला.

"मूर्ती कुठाय?"

उत्तर नाही. कुणाला दिली, कुणी सांगितलं, सोबत कोण होतं, कशालाच उत्तर नाही. दगडाला पाझर फुटेल, पण हा बोलणार नाही असं वाटायला लागलं.

दुपारी धरमतरच्या खाडीवरून एक खलाशी आला. बार्जवर काम करणारा, गडबड्या माणूस. "साहेब, एक इचारू का? शिमग्यात कोन गनपती बुडवतो?"

"म्हणजे?"

"ओहोटी लागली तसा चिखलात गनपती दिसाय लागला. रंग पन गेला नाय अजून. गावात बायका घाबरल्यात ना! म्हनतात, देव अवेळी आला, आता काय व्हतंय कोन जाने."

जीप काढली. खाडीच्या चिखलात अर्धी रुतलेली तीच मूर्ती होती. एक हात तुटलेला, मुकुट शाबूत. कारखानदाराने ओळखली आणि रडायलाच लागला. पाहुणे काठावर नुसते उभे राहिले. मला त्या क्षणी त्या कामगाराचा सणसणीत राग आला. विकली असती तरी समजलं असतं. मिळवलं काय त्याने, मूर्ती बुडवून?

परत येऊन मी त्याला तेच विचारलं. या वेळी मात्र तो बोलला.

"व्हय साहेब. मीच नेला. मीच पान्यात घातला."

"का?"

"त्ये नाय सांगनार."

"अरे, कबुली दिलीस तर कारण सांगायला काय जातं तुझं? नोकराने मालकाकडे चोरी केली, असा गुन्हा आहे हा. उद्या सकाळी कोर्टात उभा करीन. तिथून पुढे माझ्या हातात काही नाही. आत जाशील. बायको काय खाईल?"

"जे व्हईल ते माझ्यावर," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट.

त्याची बायको बाहेर पायरीवर बसून होती. मी तिला विचारलं, "काय गो, तुला तरी ठाऊक आहे का?" तिने पदर तोंडात कोंबला आणि मान हलवली. ती मान 'नाही' म्हणत नव्हती, 'विचारू नका' म्हणत होती. त्याला अटक दाखवून लॉकअपमध्ये ठेवलं. कायद्याने पाहिलं तर प्रकरण संपलं होतं. मूर्ती सापडली, आरोपी कबूल, आणखी काय हवं? पण गुन्हा कबूल करून कारण लपवणारा आरोपी मी तोवर पाहिला नव्हता. लोक उलट करतात. कारणं ढीगभर सांगतात आणि गुन्हा नाकारतात.

आमच्याकडे जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूचं वर्णन, खाणाखुणांसकट, लिहून ठेवावं लागतं. हवालदाराने ते निरांजन राखेने घासलं आणि मला हाक मारली. तळाला नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे लग्नामुंजीतल्या भांड्यांवर नाव घालतात, तसं. मी नाव वाचलं आणि सकाळची फिर्याद पुन्हा काढली. फिर्यादीच्या नावापुढे वडिलांचं जे नाव लिहिलं होतं, तेच निरांजनावर होतं.

मी कुणाला काही बोललो नाही. पाहुणे कारखान्यात दुसऱ्या मूर्तीची खटपट करत होते. तसाच जीपने वरसेला गेलो.

आईने दार उघडलं. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या, हे घर जुनंच, बैठं. बाई अंगाने अगदीच रोडावलेल्या, पण केस नीट विंचरलेले, लुगडं स्वच्छ. देवघरात एकच निरांजन तेवत होतं, त्याच घडणीचं. मी खिशातलं दुसरं काढून शेजारी ठेवलं.

"अगोबाई, हे तिथेच राहिलं होय! मी घरभर शोधलं," त्या म्हणाल्या. मग माझ्या अंगावरची वर्दी त्यांच्या नीट ध्यानात आली आणि त्या खाली बसल्या.

त्यांचं दुखणं बळावलं होतं. ह्या भाद्रपदापर्यंत आपण पोचत नाही हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. मुलाला त्यांनी कळू दिलं नव्हतं. "कळलं तर तो परत जाणारच नाही. इतकी वर्षं खपला त्या मिरवणुकीसाठी." पण एक इच्छा राहिली होती. नवरा गेला, मुलगा तिकडे राहिला, तेव्हापासून घरचा गणपती बंद झाला होता. तो एकदा पुजायचा होता. कारखान्यातला तो कामगार पूर्वी त्यांच्याच भात-वालाच्या शेतावर राबलेला. मुलगा पनवेलला गेल्याचं पाहून त्या पेणला गेल्या. कामगाराने खोली उघडून दिली. त्यांनी दूर्वा वाहिल्या, नैवेद्य दाखवला, आरती केली. ताम्हन त्याने धरलं. निघताना त्या त्याला आणि त्याच्या बायकोला म्हणाल्या, "मी आजारी आहे आणि इथे आले होते, हे माझ्या मुलाला, कुणालाच सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे."

"मग मूर्ती बुडवली का त्याने?" मी विचारलं.

त्या दचकल्या. "बुडवली? ती तर आज बंदरावर गेली ना?"

तो लॉकअपमध्ये आहे हे मी सांगताच त्या उठल्या आणि थेट चपला घालू लागल्या. मी म्हणालो, उद्या सकाळी या. "नाही, आत्ताच," त्या म्हणाल्या.

ठाण्यात दिवे लागले होते. पाहुणे माझ्या टेबलापाशी बसलेले. आईला जीपमधून उतरताना पाहून ते उठून उभेच राहिले. त्यांच्याकडे न बघता आई गजांपाशी गेल्या.

"अरे, बोलला का नाहीस?"

"तुमच्या गळ्याची शपथ घातलीत ना, आई," तो म्हणाला. "मी बोल्लो आनि तुमाला काय झालं म्हंजे?"

त्या माणसाने तुरुंग पत्करला होता, कारण आपण तोंड उघडलं तर ह्या बाई मरतील असं त्याला खरोखर वाटत होतं.

आईंनी गजांतून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला. "सुटली शपथ," त्या म्हणाल्या. "मी घातली, मीच सोडवते. सुटली. बोल आता."

मग त्याने आईंच्या दुखण्यापासून सगळं सांगितलं. पूजा झालेला, नैवेद्य दाखवलेला देव खिळे ठोकून खोक्यात बंद करायला त्याचा हात धजेना. दिवा नाही, पाणी नाही, दोन महिने अंधारात देव कसा ठेवायचा? त्याने आणि बायकोने संध्याकाळी हातगाडीवरून मूर्ती धरमतरला नेली, उत्तरपूजा आपल्या परीने केली आणि पाण्यात सोडली. त्याच साच्यातली दुसरी मूर्ती कच्ची पडली होती, ती रातोरात रंगवून भरू, मालकाला कळणार नाही, असा त्याचा भाबडा हिशेब. एवढी मूर्ती एका रात्रीत वाळतही नाही हे घाबरलेल्या माणसाला सुचलं नाही.

शेवटी तो पाहुण्यांकडे वळला. "दादा, रागावू नका. आईनं देवाकडं काय मागितलं ठाव हाय? सोतासाठी काय नाय मागितलं. तुमच्या मिरवनुकीला पाऊस नको, येवढंच."

पाहुण्यांनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. मग ते ठाण्यातल्या बाकावर आईशेजारी बसले आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखे रडले. मी हवालदाराला बाहेर नेलं.

कामगाराला त्याच रात्री जामिनावर सोडलं. जामीन राहायला कारखानदार स्वतः पुढे आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून मी कोर्टात 'सी' समरी, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची शिफारस, पाठवली आणि ती मंजूर झाली. दुसरी मूर्ती पुढच्या जहाजाने गेली. तिच्यामागोमाग पाहुणे मात्र गेले नाहीत. त्यांनी फोन करून मिरवणुकीची सूत्रं दुसऱ्यांकडे दिली आणि वरसेलाच राहिले. आई आषाढात गेल्या.

तोवर मी गप्प बसणाऱ्या आरोपीकडे पाहून हेच धरून चालत आलो होतो की हा स्वतःला वाचवतोय. त्या कामगाराने मला शिकवलं की माणूस दुसऱ्याला वाचवायलाही तितकाच गप्प बसतो. तेव्हापासून कुणी गप्प बसला की मी आधी विचारतो, ह्याला कुणाची काळजी आहे?

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे मला भेटायला ठाण्यात आले होते. उठताना म्हणाले, "साहेब, त्याने मूर्ती बुडवली नसती, तर ती बंदरातून सुटताच मी विमानात बसलो असतो."

मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेलो. खाली तो कामगार त्यांची पिशवी घेऊन उभा होता.