नीलमचं नाक आणि सगळ्यांचं नाक

कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी घरकुलांच्या वसाहतीत, राहणाऱ्या सोनाबाईला साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम झकास जमायचं. पोरीच्या रंगाची काळजी करणं मात्र जमत नव्हतं. तिची ही उणीव सगळ्या बिल्डिंगने आनंदाने भरून काढली.

पोरगी नीलम, पंधरा वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात. स्पर्धा जवळ आली म्हणून एप्रिलमध्ये भर दुपारी सराव. तिचं नाक सोलवटलं, मानेवर पुरळ उठलं. पोरीची कातडी भाजतेय, असं कुणी म्हणालं नाही. रंग गेला, एवढंच सगळ्यांना दिसलं. शेजारणीने लिंबू चोळायला सांगितलं. लिंबू चोळून नीलम उन्हात गेली आणि गाल धरून रडत परत आली. "चरचरतं म्हणजे गुण येतोय," शेजारणीने निदान केलं.

मग उधन्याहून मोठी नणंद, शांताअक्का, आली. दारातूनच ओरडली, "तुनी पोर त काळी पडी गयी व माय! लगीन कोण करी?"

"अक्का, ती अजून दहावीलाही गेली नाही."

"म्हणूनच सांगस. आतेपासून लाव."

तिने पिशवीतून एक ट्यूब काढली. पार्लरवालीने दिलेली, नावाचा पत्ता नाही, वर एका गोऱ्यापान बाईचा फोटो. ऊनही लागत नाही आणि रंगही उजळतो, अशी दुहेरी हमी. अक्काने आपल्या नातीसाठीही एक घेऊन ठेवली होती. सोनाबाईला शंका आली. पण नणंदेसमोर शंका काढायची नाही, हे तिला माहेरीच शिकवलं होतं.

आठवडाभर नीलम खरंच उजळली. बिल्डिंगने माना डोलावल्या. पुढे गाल लालभडक झाले, बारीक फोड आले, ऊन सोडाच, ट्यूबलाइटसुद्धा टोचू लागली. नवरा धुडकू कापडाच्या लूमवरून आला आणि पोरीकडे बघून म्हणाला, "अक्कानं चांगल्यासाठीच दिलं असेल." भावाचं कर्तव्य त्याने एवढ्यात आटोपलं.

सोनाबाईने मात्र ट्यूब उचलली आणि नीलमला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली.

"हिच्यात बहुतेक स्टिरॉइड आहे. कातडी पातळ होते. कुणी लावायला सांगितलं?"

"घरच्यांनी," सोनाबाई म्हणाली आणि शरमेने खाली बघू लागली. नणंदेपुढे आपण गप्प बसलो, ते तिला आता खुपत होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी फोडांवरचं मलम दिलं आणि चेहरा बरा होईपर्यंत उन्हात जायला बंदी केली. मग म्हणाल्या, "बरी झाल्यावर आधी टोपी, पूर्ण बाह्या आणि सावली. त्यावर बिनवासाचं, झिंकवालं साधं सनस्क्रीन, एसपीएफ तीस किंवा जास्त. पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. घाम आला की पुन्हा लावायचं. आणि रंग उजळवतो म्हणणारं काहीही नको. रंगाला काही झालेलं नाही."

हे शेवटचं वाक्य सोनाबाईने घरी येईपर्यंत मनात तीनदा म्हणून पाहिलं.

सावलीसाठी ती शाळेत गेली. खो-खोचे धर्मेंद्रसर कडुलिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून, टोपी घालून, चहा पीत बसले होते. पोरी उन्हात धावत होत्या.

"सर, सराव सकाळी ठेवा ना."

"ऊन लागल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही, बेन."

"मग तुम्ही इथे सावलीत कसे?"

पोरी खदखदल्या. सरांनी टोपी काढली, परत घातली. नीलमसारखे दोघी-तिघींचे गाल पोळलेत हेही सोनाबाईने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सोमवारपासून सराव सकाळी साडेसहाला सुरू झाला. पहाटे उठावं लागतं म्हणून सर महिनाभर वैतागलेले होते.

फोड जायला बरेच दिवस लागले. बरी झाल्यावर नीलम नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा ओढून मैदानात उतरली. पोरी आधी हसल्या, मग एकेक जणी आपल्यालाही थोडं मिळावं म्हणून तिच्याकडे बोट पुढे करू लागल्या.

अक्काने फोन करून विचारलं, "ट्यूब संपनी का? दुसरी धाडू?"

"नको, अक्का. त्या ट्यूबनेच पोरगी भाजली, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पार्लरवालीला परत करा आणि तुमच्या नातीला लावू नका."

मग अक्काने हळूच विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईचा दवाखाना कुठे शे व?"