विसळलेल्या बाटल्या

सुट्टीच्या दिवशी त्या घरात सकाळ जरा रेंगाळत यायची. गॅसवर चहाचं आधण, आरशासमोर नवऱ्याची दाढी, आणि सासूबाई घरभर आपला चष्मा शोधत फिरतायत, जो त्यांच्याच डोक्यावर आहे. सुनेनं तो केव्हाच पाहिला होता, पण बोलली नव्हती. आठवडाभर राबल्यावर माणसाला एवढी करमणूक हवीच. नळाखाली भरलेला पेला तिनं तोंडाआधी नाकाशी नेला. स्वतःच्या घरचं पाणीसुद्धा हुंगल्याशिवाय प्यायचं नाही, ही तिची नोकरीतून घरी आलेली सवय. "पाहुण्यांदेखत तरी हुंगू नकोस गं," सासूबाई म्हणायच्या, "त्यांना वाटायचं, या घरात विषप्रयोग होतात."

तेवढ्यात दार वाजलं.

दारात जलशुद्धीकरण केंद्राचा ड्रायव्हर उभा होता आणि त्याच्यामागे रस्त्यावर केंद्राची गाडी. ती गाडी इतक्या वर्षांत तिच्या दारात कधी आली नव्हती. भर पावसात बस चुकली तरी नाही. एकदा ती तापानं फणफणली होती, तेव्हाही नाही. "ताई, साहेबांनी बोलावलंय. आत्ताच. कसलीशी सही करायचीय म्हणाले," ड्रायव्हर चपलांकडे बघत म्हणाला.

"बढती आली वाटतं," सासूबाई आतून म्हणाल्या. तिथे त्यांना एकदाचा चष्मा सापडला होता.

ती मात्र सही या शब्दावर अडकली. केंद्रात तिची सही कशालाच लागत नसे. पाण्यातले जंतू ती मोजायची, आकडे ती लिहायची, आणि खाली सही दुसऱ्याची असायची. आज तिच्या सहीवाचून असं काय अडलं?

गाडीत ड्रायव्हरनं सगळं सांगितलं. इस्पितळामागच्या गल्लीत लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. तक्रार आली तेव्हा केंद्रानं तिथल्या नळांचे नमुने नेले, तपासले आणि पाणी पिण्यास योग्य आहे असं कळवून टाकलं. लोक बिचारे विश्वासानं तेच पाणी पीत राहिले. आता इस्पितळानं आपल्या प्रयोगशाळेत तपासलं, तर त्याच पाण्यात नको ते जंतू. एका शिक्षिकेची लहान मुलगी सलाइनवर होती.

ते नमुने तिनंच तपासले होते. जंतू वाढवायच्या एकाही बशीत काही उगवलं नव्हतं. गल्ली आजारी आणि बशा कोऱ्या, हे कसं, असं तिच्या मनात आलंही होतं. पण कोऱ्या बशीला कोरीच लिहिणार ना.

केंद्रात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती इथे आली, तेव्हा तपासनिसाची जागा भरायची नाही असा हुकूम होता. तेव्हाचे साहेब म्हणाले, तूर्तास बाटल्या धुणारी म्हणून कागदावर घेतो, सहा महिन्यांत बघू. ते निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचेही झाले. प्रत्येकानं जाताना तिचं कौतुक केलं आणि तोंडाला पानं पुसली. प्रयोगशाळेतल्या बाकी तिघीही अशाच तूर्तास आलेल्या. चौघींचे केस तिथल्याच खिडकीच्या उजेडात पांढरे झाले.

बाहेर जाऊन नळांचे नमुने आणायचं काम पुरुषांचं. बायकांनी कुठे उन्हातान्हात परक्या गल्ल्यांतून हिंडायचं, असं म्हणत ते त्यांच्यावर उपकार केल्यासारखं ठरलेलं. त्या उपकारातली मेख तिला फार उशिरा कळली. बाहेर जाणाऱ्याला भत्ता असतो, आणि बाहेर काढलेली वर्षंच तेवढी अनुभव म्हणून धरतात. तिच्याबरोबर शिपाई म्हणून लागलेला एक गडी गाडीतून बाटल्या ने-आण करता करता पर्यवेक्षक झाला. त्याला आजही बशीतले जंतू मोजता येत नव्हते. तो माणूस वाईट नव्हता, तिला मान द्यायचा. पण मानावर किराणा मिळत नाही.

आणि मागच्याच महिन्यात ती सभा झाली. बाहेरून एक तज्ज्ञ आले. पाणी तपासणाऱ्यांची वयं, पगार, बायका किती, पुरुष किती, याची पाहणी त्यांनी केली होती. भिंतीवर एक मोठं रंगीत वर्तुळ दिसलं, कलिंगडासारख्या फोडी केलेलं. तज्ज्ञ म्हणाले, या क्षेत्रात निम्मी माणसं निवृत्तीला टेकलीत, तरुण फिरकत नाहीत, बायका तर अगदीच थोड्या, तेव्हा सुरुवातीचा पगार वाढवायला हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. बायका अगदीच थोड्या, हे ऐकून प्रयोगशाळेतल्या चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिनं हात वर करून विचारलं, आम्ही यातल्या कुठल्या फोडीत? तज्ज्ञांनी कागद चाळले आणि सभ्यपणे सांगितलं, आपण 'इतर'मध्ये. सफाई आणि बागकाम धरून.

बाहेर पडताना केंद्राचा माळी तिला म्हणाला, "ताई, आपण एकाच फोडीतले निघालो की." ती हसली. घरी जाऊन मात्र भांडी इतकी आपटली, की नवऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवायच्या ऐवजी टीव्हीच बंद केला.

पगार वाढला, पण नव्यानं येणाऱ्यांचा. जुन्यांचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. त्या वाढलेल्या पगारावर नवा रसायनतज्ज्ञ आला, तिच्या धाकट्या भावाच्या मुलाच्या वयाचा. काम तिनंच शिकवायचं होतं. नमुने कसे घ्यायचे ते तेवढं पर्यवेक्षक दाखवणार होता, कारण ते बाहेरचं काम. त्या गल्लीचे नमुने आणायला हा नवाच गेला होता.

गाडी फाटकातून आत शिरली.

साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि तिघं बसले होते: साहेब, पर्यवेक्षक आणि नवा रसायनतज्ज्ञ. नव्याचं तोंड उतरलेलं. साहेबांनी तिला बसा म्हटलं. या खोलीत तिला बसा म्हणण्याचीही ही पहिलीच वेळ. तेव्हाच तिनं ओळखलं, की आज आपली काही धडगत नाही. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला आणि फार गोड आवाजात म्हणाले, नुसता उपचार आहे, वर काहीतरी कळवावं लागतं, तुम्हाला एक लेखी समज मिळेल आणि विषय मिटेल.

तिनं वाचलं. बाटल्या धुणाऱ्या महिला कामगारानं बाटल्या नीट न धुतल्यामुळे तपासणीत चूक झाली, असं त्यात होतं. खाली तिच्या सहीसाठी रेघ.

डोक्यात तिडीक गेली. पण रागावली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई. घरातले त्या आवाजाला घाबरत. या खोलीतल्या कुणाला ते माहीत नव्हतं.

"त्या बाटल्या कुठे आहेत?" तिनं विचारलं.

उरलेले नमुने प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये होते. ती उठून तिकडे चालू लागली, तसे तिघंही तिच्या मागोमाग आले. तिनं एका परीक्षानळीत बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि वरून औषधाचे थेंब टाकले. पाणी हळूहळू पिवळं झालं. दुसऱ्या बाटलीतलंही पिवळं. तिसरीतलंही.

ती नळी हातात धरून उभी राहिली. आता तिला सगळं कळलं होतं.

नळाच्या पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन असतं, थोडं का होईना. बाटलीत भरल्यावरही ते आपलं मारायचं काम चालूच ठेवतं. मग प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू मेलेले, आणि घाण पाणी धुतल्या तांदळासारखं स्वच्छ दिसणार. म्हणून नमुन्याच्या प्रत्येक बाटलीत ती आधीच चिमूटभर पावडर घालून ठेवी. पावडर क्लोरीनला थांबवते, जंतू जसेच्या तसे हाती लागतात. क्लोरीन उरलं असेल तरच हे थेंब पाणी पिवळं करतात, म्हणजे त्या बाटलीतलं पाणी पिवळं होताच कामा नये. म्हणूनच ती बाटली भरण्याआधी विसळायची नसते. बाकी जगातली प्रत्येक बाटली विसळून भरावी, ही एक नाही.

"तुम्ही या विसळल्या?" तिनं नव्याला विचारलं.

"हो. तीन-तीनदा." तो गोंधळून म्हणाला. "आत तळाला काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं, धुताना साबण राहिलाय."

पर्यवेक्षकानं खिडकीबाहेर पाहिलं. नव्याला सांगायचं त्याचं राहून गेलं होतं, हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं.

तिला आणखी एक आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. त्या सकाळी या बाटल्या तिनंच नव्याच्या हातात दिल्या होत्या. नमुने कसे घ्यायचे ते पर्यवेक्षकानं दाखवलं असेल का, अशी शंका मनात आली होती. जिभेवर आलं होतं, की बाबा, विसळू नकोस हं. पण त्याच्या आदल्याच दिवशी त्याचा पगार तिच्या कानावर आला होता. तिनं ओठ मिटून घेतले. मनात म्हणाली, एवढा मिळतो, तर एवढं ठाऊक असेलच. एका वाक्याचं तर काम होतं. तेवढं वाक्य गिळलं, आणि तिकडे ती पोर सलाइनवर गेली.

त्याबद्दल तिला स्वतःचा राग आला. आणि ज्यांनी तिला इतकी वर्षं असं वाक्य गिळायच्या जागी आणून बसवलं, त्यांचा त्याहून जास्त आला.

"आधी त्या गल्लीचं पाणी बंद करा आणि टँकर पाठवा," ती म्हणाली. "कागद मग." साहेब काहीतरी बोलणार होते; तिचा चेहरा बघून त्यांनी फोन उचलला. फोन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. गल्ली बंद झाल्याचं पलीकडून कळलं, तेव्हा कुठे ती स्टुलावर टेकली.

साहेबांनी सोबत आणलेला कागद टेबलावर ठेवला आणि पुन्हा त्यावर आले. म्हणाले, ते सगळं ठीक, पण बाटल्या शेवटी तुमच्याच खात्यातल्या. हा मुलगा नवा आहे, त्याची नोकरी अजून पक्कीसुद्धा नाही. त्याच्यावर ठपका आला तर तरुण माणूस इथे परत येणार नाही, आणि माणसं मिळत नाहीत हे तुम्ही सभेत ऐकलंच. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही घरच्यासारख्या.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर ती घरच्यासारखी म्हणून तिनंच आपली मान पुढे करायची.

"साहेब," ती म्हणाली, आणि तो आवाज इतका खाली होता की पर्यवेक्षकाला वाकून ऐकावं लागलं. "अहवाल बरोबर आला की मी कोण असते ते कुणाला आठवत नाही. बशा मोजायच्या तेव्हा मी तपासनीस. या मुलाला शिकवायचं तेव्हा मी ताई. आणि खापर फोडायला डोकं हवं झालं, की मी बाटल्या धुणारी. तुमच्या कागदावरची बाटल्या धुणारी बाटल्या धुऊन बसली होती. या बाटल्या बिघडल्या त्या जास्त धुतल्यामुळे."

पर्यवेक्षकानं फ्रीजचं उघडं राहिलेलं दार लावलं.

"माझी चूक आहे," नवा अचानक म्हणाला. "मी लिहून देतो."

"तुझी आहे," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "थोडी यांची आहे, यांनी तुला दाखवलं नाही. आणि थोडी माझी. मला सांगता आलं असतं, मी रागानं नाही सांगितलं. ते मीही लिहून देईन, माझ्या अक्षरात. पण हे नाही." तिनं टाइप केलेला कागद उचलला, फाडला नाही, चुरगळलाही नाही, जसाच्या तसा साहेबांच्या हातात परत दिला.

साहेबांनी कपाळ पुसलं. आता त्यांचा गोडवा संपला होता. म्हणाले, वर मी उत्तर काय देऊ ते मलाच ठाऊक, आणि तुम्ही हटून बसलात तर तुमचं काय होईल तेही बघायला हवं. कराराची नोकरी आहे, पक्की नाही. हे ते धमकी म्हणून म्हणाले की अगतिकपणे, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. तिच्या डोळ्यांपुढे घर आलं. नवऱ्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात हल्ली घड्याळं फक्त थांबायला येत होती. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. भीती वाटली, नाही असं नाही. पण रागाच्या खाली त्या भीतीला जागाच मिळाली नाही.

"मग तुम्हाला हवंय तरी काय?" साहेबांनी शेवटी विचारलं. "बढती म्हणाल, तर ते माझ्या हातात नाही. मागच्या पगाराचा फरकही नाही."

तिनं कपाटातून जंतुविरहित केलेल्या बाटल्यांचा खोका काढला. प्रत्येकीच्या तोंडावर तिनंच बांधलेला कागद आणि दोरा. खोका तिनं टेबलावर ठेवला. बाहेर ड्रायव्हरनं गाडी सावलीत लावली होती आणि तो दार उघडं टाकून बसला होता.

"त्या गल्लीतले नमुने आज पुन्हा घ्यावे लागतील," ती म्हणाली. "ते घ्यायला मला पाठवा."