ब्लँकेटच्या रांगेत माझी माय

मोठ्या बाई माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. पण आधी रुमाल ठेवायच्या. पांढरा, कडेला निळी फुलं भरलेला. रुमालावर हात आणि रुमालाखाली माझं डोकं. हाताला तेल लागू नये म्हणून. ते तेल त्यांच्याच वसतिगृहात रविवारी सकाळी आम्हा पोरींना चोपडलेलं असायचं.

मग त्या माईकवर बोलायच्या. "मंडळी, ही पोर बघा. आईबापांनी हिला टाकून दिली होती. बाप दारुडा, आई रानोमाळ भटकणारी. डोक्यात उवा, अंगावर धड कपडा नाही. आणि आज बघा."

मंडळी बघायची. पुढच्या बाकांवरच्या बायका चुकचुकायच्या. बाई मला कोपराने ढोसायच्या आणि मी पाठ केलेलं म्हणायचे, "प्रभूचे आभार, मोठ्या बाईंचे आभार." टाळ्या वाजायच्या. मला मात्र जमीन फाटावी आणि आपण आत जावं असं वाटायचं.

हे धुळ्यातल्या चर्चमध्ये चालायचं. उपकारस्तुतीच्या सणाला. पीक घरात आलं की देवाचे आभार मानायचा तो रविवार. वेदीपुढे भोपळे, पेरू, केळीचे घड, उसाची कांडकी मांडतात. शहरातल्या मंडळींना कुठलं शेत, ती बाजारातून विकत आणतात. त्या भोपळ्या-पेरूंच्या शेजारी मला उभं करायचे. मीपण त्या वर्षीचं पीकच. दरसाल निघणारं.

आता खरं सांगते.

आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. आम्ही भिल्ल. डोंगरउताराला जमिनीचा एक तुकडा, पावसावरचा. ज्वारी निघाली की ती पुरेपर्यंत खायची, मग दिवाळीनंतर माय आणि बाप गुजरातला ऊसतोडीला जायचे. अख्खा पाडा जायचा. पोरं बैलगाडीत आणि शाळा वाऱ्यावर. माझ्या मायने ठरवलं, हिची शाळा बुडू द्यायची नाही. म्हणून तिने मला वसतिगृहात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. सोडून जाताना ती फाटकाबाहेर इतका वेळ उभी राहिली की शेवटी वॉचमनने तिला हाकललं.

बाप प्यायचा. होळीला, लग्नाला. आमच्याकडे सगळेच पितात. पण तो दारुडा नव्हता. गुजरातहून आला की घरी जायच्या आधी धुळ्याला उतरायचा, मला बघायला. उसाच्या पात्यांनी हात कापलेले असायचे. मी कॉलेजात असताना तो गेला. शेवटपर्यंत त्याला माहीत नव्हतं की दरसाल शेकडो माणसांपुढे त्याला दारुडा म्हणतात. बरंच झालं.

आणखी एक. वसतिगृहाने मला ख्रिस्ती केलं असं बाई सांगायच्या. साफ खोटं. ख्रिस्ती माझी माय झाली, माझ्या जन्माआधी. पाड्यावर मोहाच्या झाडाखाली आठदहा माणसं बसून गाणी म्हणायची, त्यांच्यात. कुणी तिला काही दिलं नाही. द्यायला तिथं होतं कुणाकडे काय? नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, ही आमची जुनी रीत. मायने देव बदलला, रीत ठेवली. नवी कणसं खुडली की पहिली ओंजळ बाजूला काढायची आणि डोळे मिटून म्हणायची, "देवबापा, तुन्हं शे. आधी तू ले." देवाने आधी घेतलं की मग आम्ही खायचो. मी प्रार्थना शिकले ती एवढीच. बाकीचं पाठांतर.

वसतिगृहाची भाकरी खरी होती, हे मी नाकारत नाही. ताप आला तर बाई स्वतः उशाशी बसायच्या. त्यांच्यामुळे मी शिकले, नर्स झाले, जळगावात एका खासगी दवाखान्यात लागले. आभार मी मनापासून मानते. पण भाकरी द्यायची आणि बदल्यात माणसाची मायच हिरावून घ्यायची, हा कुठला व्यवहार? आणि वरून मी हसत उभं राहायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

जळगावात वेगळंच नाटक. दवाखान्याच्या काउंटरवर एक जुने भाऊ बसतात. बोलायला गोड. माझ्या गळ्यातला क्रूस बघितला आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सिस्टर, खरं सांगा हं, रागावू नका. तुमच्या घरच्यांना काय दिलं होतं त्यांनी? गहू की तांदूळ?" आजूबाजूचे हसले. मीही हसले. नवी नोकरी होती. घरी येऊन भांडी आपटली.

म्हणजे बघा. चर्चवाले म्हणतात, आम्ही हिला माणूस केलं. काउंटरवाले म्हणतात, हिला तांदळावर विकत घेतलं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी गत. माझी मला अक्कल आहे, माझ्या मायने स्वतःच्या मनाने काही निवडलं असेल, हे दोघांच्याही डोक्यात येत नाही. भिल्लाची बाई आणि निवडते? तिला देतात. ती घेते. त्यांचा हिशेब एवढाच.

तरी मी दरसाल सणाला धुळ्याला जात राहिले. पगार मिळवणारी बाई, तरी मोठ्या बाईंचा फोन आला की पाय आपोआप एसटीकडे वळायचे. आता रुमाल नव्हता, माझ्या डोक्याला शाम्पू होता. गोष्ट मात्र तीच. फक्त शेवट लांबला होता. "आणि आज ही सिस्टर आहे!"

तीन वर्षांपूर्वी माय म्हणाली, यंदा मीपण येते. तिची ऊसतोड सुटली होती, गुडघे गेले होते. त्या साली ज्वारी बरी झाली होती. मोठ्या चर्चमध्ये नवं द्यायचं, असं तिने मनात धरलं. कणसं निवडून निवडून काढली, धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली. घरात ज्वारी असून रीतीप्रमाणे तिने एक दाणा खाल्ला नव्हता. वाटेत बसमध्ये मी बिस्किटाचा पुडा पुढे केला, तोही नको म्हणाली. आधी देवाचं होऊ दे.

दाराशी आमची ताटातूट झाली. बाईंनी मला पुढे बोलावून घेतलं. मी मायला म्हटलं, आत ये, समोर टेबल दिसेल, तिथे ठेव. मला वाटलं, यात काय अवघड आहे. तिने दारात चपला काढल्या आणि गाठोडं डोक्यावर घेतलं.

त्या वर्षी बाईंनी सणाला गरिबांसाठी ब्लँकेटवाटप ठेवलं होतं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावलं होतं. भिंतीकडेने त्यांची रांग. चर्चच्या युवक संघाचा कोट घातलेला एक जण दारात उभा होता. त्याने माझ्या मायला बघितलं. लुगडं बघितलं, अनवाणी पाय बघितले, गोंदण बघितलं. डोक्यावरचं गाठोडं त्याला दिसलंच नाही. त्याने तिचा दंड धरला आणि तिला रांगेत उभं केलं.

मी वेदीजवळून हे बघत होते. उपासना सुरू झालेली. सगळे उभे राहून गात होते, मला हलता येईना.

माय रांगेत शांत उभी होती. तिला वाटलं, ही देवाला द्यायचीच रांग. एवढी माणसं आहेत, नंबर लागेल. पुढचा म्हातारा सरकला की ती एक पाऊल सरकायची, गाठोडं सावरायची. ती खूश दिसत होती.

गाणं संपलं आणि तिचा नंबर आला. एका बाईने तिच्यापुढे ब्लँकेट धरलं. मायने घेतलं नाही. गाठोडं खाली उतरवलं आणि विचारलं, "भाऊ, हाई कोठे ठेवू?" कोटवाला म्हणाला, "आजी, तुमचं सामान बाहेर ठेवा. आधी ब्लँकेट धरा, फोटो काढायचाय." त्याने ब्लँकेट तिच्या हातात कोंबलं, गाठोडं पायाने बाजूला सरकवलं आणि फोटो काढला.

पायाने. देवाचं धान्य.

तेवढ्यात मोठ्या बाई माईकवर आल्या. मला जवळ ओढलं. "मंडळी, ही पोर तुम्ही ओळखता. हिच्या आईबापांनी हिला टाकून दिली होती..."

मायने मान वर केली. मराठी तिला बोलता येत नाही, पण कळतं सगळं. तिने आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. बावरून. म्हणजे पोरगीच असं सांगते की काय, असं तिला वाटत होतं. आणि का वाटू नये? मी शेजारीच उभी होते ना, हात जोडून.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी माईक घेतला. हिसकावला म्हणतात ते, हिसकावला असेल.

मी म्हणाले, "ही खोटी गोष्ट आहे. माझ्या मायने मला टाकलं नाही. माझी शाळा बुडू नये म्हणून इथं ठेवलं. माझा बाप दारुडा नव्हता. माझी माय त्या रांगेत उभी आहे. ती घ्यायला आलेली नाही. द्यायला आली आहे. तुम्ही तिचं अर्पण लाथेने सरकवलंत."

मी खाली उतरले. मायच्या हातातलं ब्लँकेट काढून त्या बाईच्या हातात परत दिलं. गाठोडं उचलून मायच्या डोक्यावर ठेवलं आणि तिला मधल्या वाटेने पुढे नेलं. चर्चचे पाळकसाहेब बाजूला झाले. अडवलं नाही, मदतही केली नाही. मायने पेरू आणि केळ्यांमध्ये जागा केली, फडकं उलगडून कणसं मांडली. डोळे मिटले. "देवबापा, तुन्हं शे. आधी तू ले."

कुणी आमेन म्हटलं नाही. मीच म्हटलं.

आणि तिथे, तिच्या शेजारी उभी असताना, मला पहिल्यांदा कळलं मी कोण ते. आजवर मी स्वतःला लोकांनी दिलेल्या गोष्टींवरून ओळखत होते. कुणी भाकरी दिली, कुणी शाळा दिली, कुणी शिवी दिली. माझ्या मायला असल्या ओळखीची गरजच नव्हती. आपल्या ओंजळीतलं देवाला हवंय, एवढं तिला पक्कं माहीत होतं. देव जिच्याकडून घेतो, ती बाई कुणाची भिकारी? मी त्या बाईची लेक. हीच माझी श्रद्धा आणि हीच माझी जात.

मागच्या खोलीत बाईंनी मला गाठलं. "हेच पांग फेडलेस? कृतघ्न!" मी म्हणाले, "बाई, तुमचे आभार मी मरेपर्यंत मानीन. पण माझ्या मायच्या अब्रूवर नाही." त्यांनी तोंड फिरवलं. आजतागायत बोललेल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

बसस्टँडवर माय बाकावर टेकून गुडघे चोळत बसली. मग म्हणाली, "मी तं देवाले द्याले उनी व्हती, अन् यासनी मालेच दिधं. मन्हा घर गोधड्या शेतस ना." थोड्या वेळाने विचारलं, "ती बाई कितला सालफाईन असं सांगस?" किती वर्षांपासून ते सांगायचं सोडून मी बसच्या पाट्या वाचत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही, हे जास्त लागलं. शिरपूरच्या बसमध्ये बसताना एवढंच म्हणाली, "पुढला साल बी मी कणसं लई येसू."

ही बातमी जळगावपर्यंत पोचली. आमच्या समाजात बातम्यांना पाय असतात. काउंटरवरचे भाऊ खुशीत आले. "मी म्हणत होतो ना, सिस्टर? ते वापरून घेतात. सोडा ते. परत या आपल्यात." मी विचारलं, "आपल्यात म्हणजे कुणात, भाऊ? मागच्या पूजेला तुमच्या घरी आले होते. वहिनींनी सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, माझ्या हातावर वरून टाकला. त्या आपल्यात का?" ते पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. गहू-तांदळाचा विषय मात्र तेव्हापासून बंद झाला.

मागची दोन वर्षं सण आला आणि गेला. आम्हाला बोलावणं नव्हतं. एका वर्षी मायचे गुडघे, एका वर्षी माझी ड्युटी. खरं कारण माझीच हिंमत नव्हती. माय दोन्ही वर्षं कणसं बांधून बसली होती. शेवटी मोहाच्या झाडाखालीच तिने नवं दिलं.

यंदा कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. फार सभ्य माणूस. "सिस्टर, झालं गेलं विसरू. सणाला या. आईंना पण आणा, त्यांना पुढे खुर्ची देऊ. फक्त माईकवर साक्ष वगैरे नको. आणि ते गाठोडं नको. यंदा वेदीची सजावट एका माणसाला दिली आहे, त्यात ते बसत नाही."

मी विचारलं, "ज्वारी बसत नाही?"

"समजून घ्या ना, सिस्टर."

आजवर समजूनच घेत आले. लोकांना वाटतं, आता ही चर्च सोडेल. तिकडच्यांना तेच बरं, इकडच्यांनाही तेच बरं. मी सोडणार नाही. ते चर्च माझ्या मायच्या देवाचं आहे, बाईंचं नाही, कमिटीचं तर नाहीच नाही. मी सेक्रेटरींना सांगितलं, "साहेब, खुर्ची नको. माय मधल्या वाटेने येईल, डोक्यावर ज्वारी घेऊन. मी तिच्या मागे असेन. अडवायचं असेल तर सगळ्यांसमोर अडवा, आणि ज्वारीला पाय लावायचा असेल तर आधी मला लावा."

फोन मी ठेवला. त्यांनी नाही.