बुडालेल्या गावात, वेशीच्या उजवीकडे

आमचं गाव गंगापूर तालुक्यात होतं. तसं ते आजही जागेवरच आहे, फक्त धरणाच्या पाण्याखाली. मी शाळेत असताना गाव उठलं. पुढं वाळूजला कारखाने आले आणि जमिनी गेलेली आम्ही पोरं मशीनवर उभी राहिलो.

आमचे एक साहेब नौदलातून आलेले. हवेची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली उतरायचा त्यांना भारी नाद. टाक्यांचे दोन संच त्यांच्याकडे होते. एकदा मी बोलून बसलो, "साहेब, आमचं गाव तुम्हाला डोळे झाकून दाखवतो." फुशारकी, दुसरं काय! त्यांनी ती मनावर घेतली. कितीतरी रविवार मला एका विहिरीत शिकवलं आणि पौषात उतरायचं ठरवलं, कारण तेव्हा गढूळपणा खाली बसलेला असतो.

शेजारच्या मशीनवर माझा शाळासोबती होता. गाव तेच, पण तो बौद्ध वस्तीतला. विद्यापीठाच्या नामांतरासाठी तो मोर्च्याला जायचा, दोनदा आत जाऊन आला. तो नसला की त्याचं मशीन मी सांभाळायचो आणि तेवढ्यावर स्वतःला मोठा सुधारक समजायचो. कँटीनमध्ये आमची माणसं नामांतराविरुद्ध तावातावानं बोलायची, तेव्हा मी खाली मान घालून जेवायचो.

उतरायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "आमच्या दाराशेजारी बापानं दगडावर चक्र कोरलेलं व्हतं. भिंतीतला दगड, काढता नाय आला. माय रोज त्याचंच बोलती. तेवढं बघून ये. हाय का गेलं, एवढंच."

"बघतो की," मी म्हणालो. "त्यात काय!"

पाणी इतकं गार होतं की रबरी पोशाखातही दात वाजत होते. साहेबांनी वेशीच्या दगडी खांबाला दोरी बांधली. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून मी हातानं दिशा दाखवायची आणि त्यांनी दोरी सोडत मागं यायचं, असं ठरलं होतं. डावीकडं मी त्यांना झरझर नेलं. मारुतीचा पार, शाळेचा चौथरा, आमच्या गल्लीची फरशी. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या, दगड तेवढा उरला होता. पारावर मासे फिरत होते. साहेब खुशीत होते, मी तर हवेतच होतो.

मग वेशीशी परत येऊन मी उजवीकडं वळलो आणि थांबलो. वस्ती खाली उतारावर होती, एवढं ठाऊक होतं. पण वाट कुठून फुटायची? किती वळणं? त्याचं घर कितवं? मला काहीच आठवेना, आणि पाण्यात लोंबकळत असतानाच कळलं की आठवणार तरी काय. मी तिकडं कधी गेलोच नव्हतो. खेळायला बोलवायचं असलं की मी बांधावर उभा राहून हाक मारायचो आणि तो धावत वर यायचा. सगळी वर्षं तोच वर आला. एकदाही मी खाली उतरलो नाही, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

उगाच इकडंतिकडं पाय मारले. वाळक्या बाभळीच्या काट्यांत अडकलो, गाळ उठला, हाताचा पंजा दिसेना. साहेबांनी हवेचा काटा दाखवून वर चलण्याची खूण केली.

वर आल्यावर त्यांनी तोंडातली नळी काढली. "काय रे, गाव तुझंच ना?"



संध्याकाळी बजाजनगरला मित्राच्या खोलीवर गेलो. त्याची आई दारातच बसली होती. वाटेत मी ठरवलं होतं, खरं ते सांगून टाकायचं. तिनं विचारलं, "हाय का हो?"

"आहे," मी म्हणालो. "शाबूत आहे."

"हात लावला का?"

"लावला."

म्हातारीनं माझा उजवा हात ओढून घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. मला तो सोडवून घेता येईना. मित्र भिंतीकडं तोंड करून स्टोव्ह पेटवत होता, मधेच बाहीनं डोळे पुसत होता. लेक मला अरेतुरे करायचा आणि ती त्याची माय असून मला अहोजाहो करत होती, हेही मला त्या दिवशीच ऐकू आलं.

"तुमच्या गल्लीतून आमच्या दारापोत आलेलं तुमीच पयलं माणूस," ती म्हणाली. "गाव बुडाल्यावर का व्हईना, आलात. लई झालं."

मी चहा घेतला. तिनं आणखी विचारला, तोही घेतला. ती पुढं बरीच वर्षं जगली आणि येईल त्याला हे सांगत राहिली. मी समोर असलो की मला साक्षीला धरायची, आणि मी दरवेळी हो म्हणायचो.