वानराचा दहावा

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले. परवा त्यांची ट्रंक आवरताना माझा एक इंग्रजी शोधनिबंध सापडला, चार घड्या घातलेला. तेव्हापासून हे लिहायचं टाळतो आहे, आणि टाळण्यात मी पहिल्यापासून हुशार.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी पुण्याला एका प्रयोगशाळेत होतो. डासांमुळे पसरणारे ताप हा आमचा विषय. माकडाला विषाणू टोचायचा, रोज सकाळी त्याचा ताप बघायचा, रक्त काढायचं, आणि ताप भरात आला की त्याच्या भादरलेल्या पोटावर उपाशी डासांची डबी टेकवायची. डासांनी विषाणू उचलला की आम्ही खूश. शेवटी काही माकडं मारून त्यांचा मेंदू तपासायचा. हे शेवटचं मी गावी कधी सांगितलं नाही.

गाव पारोळ्याजवळचं. आबा दर शनिवारी मारुतीला तेल घालत. त्यांना मी सांगितलं होतं, "आम्ही माकडांचा ताप बघतो." शब्दाशब्दानं खरं होतं. मी माकडांना बरं करतो असं ते समजले आणि मी समजू दिलं, कारण त्यांचा अभिमान मला हवा होता. छापलेलं नाव दाखवायला तो निबंधही घरी नेला. घरात कुणाला इंग्रजी येत नाही, याची खात्री करूनच.

पुढच्या वर्षी मे महिन्यात रजेवर गेलो होतो. दुपारी एक वानर विजेच्या तारेला चिकटलं आणि मारुतीच्या पारापाशी पडलं. अख्खं गाव जमलं. मला बोलावणं आलं.

आमच्याकडची माकडं पिंजऱ्यात असत आणि धरायला दोन माणसं. इथे मी एकटा, समोर पन्नास माणसं, आणि हातात घरचं थर्मामीटर. मी ते वानराच्या काखेत लावलं, घड्याळाकडे बघत राहिलो आणि गंभीरपणे म्हणालो, "ताप नही शे."

"तेले करंट लागेल शे भाऊ, ताप कसाले ई?" एक म्हातारा म्हणाला.

"पुण्याना डाक्तर!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

आबा पुढे आले. "तो तापना डाक्तर शे," म्हणाले. "करंटना नही." एवढंच.

वानर तेवढ्यात गेलं. सगळे हात जोडून उभे होते, आणि माझी नजर त्याच्या मांडीच्या शिरेवर होती. इथून रक्त छान निघालं असतं, असं मनात आलं. सवय, दुसरं काय.

आमच्याकडे वानर मेलं की माणसासारखं करतात. तिरडी बांधली, गुलाल उधळला, टाळ-मृदंग लावून गावातून नेलं आणि मारुतीच्या देवळामागे पुरलं. दहाव्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली न्हावी बसला. गावातल्या पुरुषांनी डोकी करून घेतली. आबांचं झालं. ओल्या डोक्यावरून हात फिरवत ते मला म्हणाले, "बठ."

"आबा, माले परवा कामवर जानं शे. तठे काय सांगू?" माकडांच्या प्रयोगशाळेत माकडाच्या सुतकाचं डोकं घेऊन जायचं, हे मला फार विनोदी वाटत होतं. खरं तर केसांची काळजी होती. तेव्हा ते होते.

आबा जवळ सरकले. आवाज खाली आणला. "डोळा दखाडाले धुळे गऊ तैं तुना कागद संगे लयी गऊ. डाक्तरले दखाडा. तेन्ही माले वाची सांगं."

वर्षापूर्वीची गोष्ट. लेकाचं नाव दाखवायला त्यांनी तो धुळ्याच्या डॉक्टरसमोर ठेवला होता, आणि त्या भल्या माणसानं शेवटपर्यंत मराठी करून सांगितला होता. म्हणजे पाराशी 'तापना डाक्तर' म्हणाले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

"कितला गयात?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"तेस्ना दहावा कोनी कया?"

मी बसलो. न्हाव्यानं डोक्यावर पाणी मारलं. प्रयोग कशासाठी, त्यानं किती लोकांचा ताप टळेल, असं सगळं समजावून सांगायचं माझ्या मनात होतं. पण वस्तरा चालू असताना माणसाला फार बोलता येत नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

"तेस्ले पानी कोन पाजस?" आबांनी मधेच विचारलं.

"दुसरा मानूस शे."

"तू पाजत जाय."

पुण्यात सगळ्यांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, लांबचे काका. साहेबांनी दोन मिनिटं सांत्वनही केलं.

दुसऱ्या दिवसापासून रक्त काढायच्या आधी मी स्वतः पिंजऱ्यांत पाण्याची भांडी ठेवू लागलो. माकडं मला ओळखत होती. मी दिसलो की मागच्या जाळीला चिकटून दात दाखवत. मी खोलीबाहेर पडून दार लोटलं की मगच भांड्याचा आवाज येई.

आबांना पत्रात लिहिलं, "रोज पाणी पाजतो, पितात." माझ्यासमोर पीत नाहीत, हे लिहिलं नाही.