जादा पाटे

व्हॅनच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा माधवनगरच्या अलीकडे एका स्पीडब्रेकरवर तुटला. वाळकी फांदी मोडावी एवढाच आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगाला बसली. मी उतरून बघितलं, परत आत बसले आणि पहिल्या गियरमध्ये रस्त्याकडेच्या कमान-पाट्याच्या दुकानापर्यंत गेले.

विश्रामबागच्या दवाखान्यातून आईला घरी कोरेगावला न्यायचं होतं. आता करण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आजार मणक्यात उतरला होता, कूस बदलली तरी कळ यायची. ॲम्ब्युलन्सला ती तयार नव्हती. "ती दारात हुबी राह्यली की बायका आधीच रडाय लागत्यात. मला आपल्या गाडीतनं न्हे." मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. मागचं सीट काढून गादी अंथरली होती. तिला धक्का न लागता घरी पोचवायचं, एवढंच काम डोक्यात होतं.

मिस्त्रीनं तुटलेला पाटा बदलला आणि न विचारता दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा चढवला. आमच्याकडे गाडी घेतली की जास्त ओझं पेलायला आधी पाटे वाढवायचे, ही रीतच आहे. माझ्या नवऱ्यानंही घेतल्या घेतल्या वाढवले होते.

"आक्का, आता उसाचं बेणं टाका न्हाईतर खताची पोती. बसती का बघा!"

मी एक चक्कर मारली. गाडी ताठ झाली होती, प्रत्येक खड्ड्याला मागची गादी उडत होती. परत येऊन म्हटलं, "जादाचे सगळे काढा. आधीचेसुद्धा."

"आवं, गाडी लोळंल की! माल कसा न्हेणार?"

"माल नाही. आईला न्यायचंय. तिला धक्का सोसत नाही."

त्यानं गादीकडे बघितलं. "मग आधी बोलायचं न्हाई व्हय? लोक पाटं घालाय येत्यात. काढाय आलेल्या तुमीच पयल्या." बोलत बोलतच तो गाडीखाली शिरला.

मूळचे तेवढे पाटे ठेवून तो बाहेर आला. "तुमी झोपा मागं. मी चालवतो. त्याबिगर कळायचं न्हाई."

मी चपला काढून गादीवर उताणी झोपले. कितीतरी दिवसांनी अंग टेकलं होतं. छताचं कापड एका कडेला सुटलं होतं, ते बघत राहिले. स्पीडब्रेकर आला.

"लागलं?"

"लागलं."

त्यानं चाकांची हवा थोडी कमी केली आणि मागच्या कडेला वाळूची दोन पोती ठेवली. "मोकळी गाडी उडती. वजन असलं की गप बसती." पुन्हा चक्कर. पुन्हा तोच स्पीडब्रेकर.

"आता?"

"आता कमी."

"उठा मग. का झोपताय हितंच?"

खरंच झोप लागत आली होती.

दुपारी आईला घेऊन अगदी हळू निघाले. मागून हॉर्न वाजत होते, लोक वाकून बघत पुढे जात होते. विटा गाव मागे पडेपर्यंत तिनं हूं की चूं केलं नाही. पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता पार उखडला होता. एक खड्डा मला दिसलाच नाही. आई ओरडली.

मी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच होते. मागे वळून बघावं, असंही वाटलं नाही. रडू येईल म्हटलं, तेही आलं नाही. समोरून ट्रॉल्या जात राहिल्या.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला. "थांबलीस का? घर आलं व्हय?"

"नाही. अजून रहिमतपूर यायचंय."

"मग चल की."

मी गियर टाकला.