खंडाळ्याच्या वहिनी आणि माझा ओव्हरसियर

लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने पुस्तकांना बुरशी येते. पुण्यामुंबईच्या प्रकाशकांना हे माहीत असायचं कारण नाही, पण मला माहीत आहे, कारण माझी प्रकाशक मीच होते. पहिली कादंबरी मी पुण्याच्या एका छापखान्यातून पदरमोड करून छापून घेतली. गठ्ठे मालगाडीने आले आणि माझ्या खाटेखाली जाऊन बसले ते बसलेच. श्रावणात मी शेगडीवर दुरडी पालथी घालून तिच्यावर ओल्या पातळांच्या शेजारी माझी कादंबरी वाळत घालत असे. लेखिका मी, प्रकाशिका मी, आणि मुखपृष्ठावरची बुरशी पुसणारीही मीच. वाचक तेवढा कोणी दिसत नव्हता.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. मूळची तळेगावची. वडील लवकर गेले, धाकट्या भावांची शिक्षणं व्हायची होती, आणि ती होईपर्यंत माझ्या लग्नाचा विषय घरात निघेनासा झाला. कोणी मला छळलं नाही की फसवलं नाही. लोक उगाच कीव करत आणि मला तिचा संताप येई. पण खरं सांगायचं तर शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. कुसगावच्या दूधवाल्या मावशी दूध मापता मापता चार शब्द बोलत, तेवढंच. उरलेला वेळ मी लिहीत बसे. लिहिताना एकटं वाटत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा माणसं असावीत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधीची गोष्ट. बुधवारी आमची शाळा सकाळची असे. एका बुधवारी दुपारी दारात टांगा थांबला आणि माझ्याच वयाच्या एक बाई छत्री सावरत उतरल्या. ओळख ना पाळख, आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "तुमची कादंबरी वाचली मी. वाचनालयातून आणून."

"कोपऱ्यात चहाचा डाग असलेली प्रत का?"

"हो, तीच. तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच दिली होती फुकट. डागाची होती म्हणून."

त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की मी त्यांना आत बोलावलं. मुंबईच्या एका वकिलांच्या त्या पत्नी. छातीचं दुखणं होतं, म्हणून डॉक्टरांनी घाटाची हवा सांगितली होती. खंडाळ्याला बंगल्यात स्वयंपाकी आणि माळी यांच्या भरवशावर त्या राहत. वकीलसाहेब शनिवारी येत, सोमवारी जात. त्याही कादंबऱ्या लिहीत आणि माझ्यासारख्याच स्वतः छापून घेत. त्यांचे गठ्ठे मुंबईत माळ्यावर होते. मी त्यांना वहिनी म्हणू लागले, त्या मला मास्तरीणबाई.

मग दर बुधवारी त्या येऊ लागल्या. चहा झाला की आमचं एकच बोलणं: आधीची कादंबरी कुठून सुचली आणि पुढची कशाची. हा विषय मी जन्मात कोणाशी बोलले नव्हते. एका प्रकाशकाने मला सांगितलं होतं की बायकांनी लोणच्यामुरंब्यांचं पुस्तक लिहावं, ते खपतं. वहिनींना दुसऱ्याने कळवलं होतं की नायिकेने शेवटी नवऱ्याच्या पाया पडावं, मग बघू. "पाया पडली असती तर कादंबरी पहिल्याच प्रकरणात संपली असती," असं वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

आमच्या दोघींच्या लिहिण्याची तऱ्हा मात्र अगदी उलट. वहिनी म्हणत, "मला समोर माणूस लागतं. त्याला बघितलं, चार प्रश्न विचारले, की गोष्ट आपोआप पुढे सरकते." मला समोर माणूस असलं की काही म्हणता काही सुचत नसे. ते उठून गेलं, की त्याच्या रिकाम्या खुर्चीवरून सुचे. माझी पुढची कादंबरी तर एका भिंतीवरून सुचली होती. लोणावळ्याच्या तळ्याची ती लांबलचक दगडी भिंत बघून माझ्या मनात आलं, ही बांधायला कुठून कुठून माणसं आली असतील, आणि काम संपल्यावर कोणाला मागे ठेवून गेली असतील? त्यातून मला एक तरुण ओव्हरसियर दिसला आणि 'तळं भरलं की येतो' असं त्याने जिला सांगितलं ती मुलगी दिसली. तीनचार वर्षं मी ही दोघं मनात वागवत होते. काही प्रकरणं लिहूनही झाली होती. पण वहिनींनी विचारलं की मी म्हणे, "आहे मनात काहीतरी." कच्चं लिखाण दाखवायची मला लाज वाटे.

वहिनींना तसली लाज नव्हती. एके दिवशी कप खाली ठेवून म्हणाल्या, "माझी पुढची कादंबरी एका एकट्या राहणाऱ्या मास्तरणीवर आहे. तुमच्यावर नाही हं. पण तुमच्यासारखी."

मला राग यायला हवा होता. एरवी नाकावर माशी बसू न देणारी मी. पण त्या दिवशी मला आनंद झाला. कोणाला तरी आपल्याबद्दल काही जाणून घ्यायचं आहे, ही चव मला नवीन होती. दर बुधवारी वहिनी विचारू लागल्या आणि मी सांगू लागले.

"रात्री जेवायला काय करता?"

"भात."

"रोज?"

"रोज."

"आणि आजारी पडलात तर?"

"तर भात नाही."

असं किती दिवस चालणार? माझ्याकडे सांगण्यासारखं चारपाच बुधवारांत संपलं. पुढच्या बुधवारी टांगा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दारात उभी होते, तेवढ्यात दूधवाल्या मावशी आल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "बाई, आत चला. लय धुकं हाय घाटात. टांगा न्हाई निघायचा आज." धुकं त्या दिवशी खरंच होतं. पण आदल्या बुधवारी लख्ख ऊन पडलं होतं, हे मावशींना आणि मला दोघींनाही माहीत होतं.

तिसऱ्या बुधवारी वहिनी आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाल्या, "कादंबरी अडली हो. माझ्या मास्तरणीला काही मागचं आयुष्यच नाही. वाचक विचारेल, ही अशी का राहिली? मला उत्तर देता येत नाही. सोडून देते झालं. आमच्या बंगल्याजवळ रेल्वेचा एक पेन्शनर गार्ड राहतो. दोन बायका केल्या, ब्रह्मदेशात जाऊन आला. त्याच्याकडे पुष्कळ मालमसाला आहे म्हणतात."

त्या गार्डाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी मला त्याचा असा मत्सर वाटला की काय सांगू! आता हा टांगा त्याच्या दारात थांबणार. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक जण होता."

वहिनींनी वर पाहिलं.

"ओव्हरसियर होता," मी म्हणाले. "तळ्याच्या कामावर."

मी माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा प्रियकर असा माझ्याच कादंबरीतून उचलून आणला. त्या दुपारी मी पहिलं प्रकरण सांगितलं. तळेगावच्या आमच्या घरी तो पाणी मागायला कसा आला, भावाला त्याने गणित कसं शिकवलं, जाताना 'तळं भरलं की येतो' कसं म्हणाला. वहिनी ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांनी माझा हात हातात घेतला. आई गेल्यापासून माझा हात कोणी हातात घेतला नव्हता. मला हुंदका आला. तो मात्र खरा होता.

आत स्वयंपाकघरात दूध ओतायला आलेल्या मावशींनी हे सगळं ऐकलं. वहिनी गेल्यावर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तळं भरून किती सालं झाली बाई! आजून न्हाई आला व्हय त्यो?" मी त्यांना विनवलं, हे कुठे बोलू नका, शाळेत कळलं तर नोकरी जाईल. त्या म्हणाल्या, "म्या कशाला बोलू? बाईमानसाचं दुक बाईमानसानं झाकायचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी खरवस आणला. नसलेल्या दुःखाचा खरवस मी खाल्ला, आणि तो गोडही लागला.

गोष्ट तोंडावाटे गेली की लेखणीत उरत नाही, हे मला लवकरच कळून चुकलं. मी कागद पुढे ओढले तर ओव्हरसियर जागचा हलेना. जे सांगून झालं ते पुन्हा लिहायचं म्हणजे शिळं अन्न गरम करून वाढणं. एकीकडे माझी कादंबरी आणि दुसरीकडे बुधवारची दुपार, दोन्ही मिळणार नव्हतं. थांबायचं असतं तर तेव्हा थांबता आलं असतं. वहिनींना हसत हसत सांगता आलं असतं की अहो, ही माझी पुढची कादंबरी. मी दोन दिवस विचार केला आणि बुधवार घेतला.

मग मी त्या ओव्हरसियरला सुखाने बसू दिलं नाही. त्याला विषमज्वर आणला, बरा केला, त्याची बदली नागपूरला केली, घरच्यांनी ठरवलेलं लग्न त्याच्याकडून मोडवलं. माझा सगळा जीव गोष्ट कशी लांबवायची यात. "मास्तरीणबाई, तुमच्या आयुष्यात फार वळणं आहेत हो," वहिनी एकदा म्हणाल्या, आणि मी घाबरून पुढचे दोन बुधवार त्याला नागपुरातच स्वस्थ ठेवलं.

दिवाळी झाल्यावर वहिनी आल्या त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे म्हणतात डॉक्टर. शनिवारी मुंबईला परत. आता शेवट सांगून टाका. तो आला का?"

हा शेवट मी कागदावर उतरवण्यासाठी जिवापाड जपून ठेवला होता. तो मी त्या दुपारी खर्चला. सांगितलं, "आला. खूप वर्षांनी. लोणावळ्याच्या स्टेशनावर मीच भेटले त्याला. त्याने मला ओळखलं नाही. तळ्याकडे कुठून जायचं म्हणून विचारलं, आणि मी रस्ता दाखवला."

जाताना वहिनींनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "पत्र लिहीन."

पत्र आलं नाही. वर्ष गेलं, आणखी एक पावसाळा गेला. बुधवारी दुपारी टांग्याची घंटा वाजली की मी खिडकीशी जात असे. टांगे सगळे बंगल्यांकडे जात. मी लिहायला बसत नसे, कारण लिहायला काही राहिलं नव्हतं. मावशी कधीमधी विचारत, "त्या खंडाळ्यावाल्या बाई कुटं गेल्या वं?" त्यांनी ओव्हरसियरबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं असावं की मी वाट कोणाची बघते आहे.

नाताळच्या सुट्टीत एक मोटार दारात थांबली. वहिनी होत्या. अंगाने भरल्या होत्या, छान दिसत होत्या. कोणा पाहुण्यांबरोबर खंडाळ्याला आल्या होत्या, अर्धा तास काढून इकडे वळल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात नवी कोरी कादंबरी ठेवली. या वेळी प्रकाशक मिळाला होता. मी जागीच पानं उलटू लागले. स्टेशन शोधलं, तळं शोधलं. शेवटी विचारलं, "ओव्हरसियर कुठे आहे?"

वहिनी जरा ओशाळल्या. "रागावू नका हं. घेतलं नाही त्याला. लिहून पाहिला, पण कागदावर तो रचलेला वाटायला लागला. काही गोष्टी आयुष्यात घडतात, तरी खऱ्या वाटत नाहीत, नाही का?"

एका कादंबरीवालीला दुसरीने याहून वर्मी लागेल असं काही म्हणता आलं नसतं. पण ते मी गिळलं. विचारलं, "मग आहे काय यात?"

"बाकीचं सगळं आहे. भात आहे. घाटातल्या आगगाड्यांचे आवाज आहेत. तुम्ही दारात उभ्या असायचात ना, ते मला टांग्यातून लांबूनच दिसायचं. ते आहे. तेच तर मुख्य आहे. ती आठवड्याच्या आठवड्याला दारात उभी राहते आणि कोणी येत नाही."

"कोणीच नाही?"

"कोणी येत असतं, तर तिच्यावर कादंबरी कशाला लिहायची?"

"पण वहिनी, तुम्ही येत होतात."

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. मनात काळंबेरं नसलेली बाई. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता. मग हसून म्हणाल्या, "मी होय? अहो, मी तर कादंबरीसाठी येत होते."

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. वहिनी उठल्या, माझा हात घट्ट दाबला आणि गेल्या. त्यांच्याआधीही मी एकटीच होते. पण तेव्हा बुधवार हा आठवड्यातला नुसता एक वार होता.